परक्या जमिनीवरचं पक्कं घर

कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर उन्हाळ्यात येणाऱ्या बहुतेकांना एकच घर बघायचं असतं, आणि ते ज्या मुलीचं म्हणून ओळखलं जातं ती मुलगी कधी जन्मालाच आली नव्हती. कॅव्हेंडिशमधलं हिरव्या त्रिकोणी माथ्यांचं ते घर म्हणजे एल. एम. माँटगोमेरी यांच्या १९०८ सालच्या कादंबरीतल्या अ‍ॅनचं घर. भाचीनं ती कादंबरी शाळेत असताना वाचली होती, तेव्हा तिकीट काढून आम्हीही रांगेत उभ्या राहिलो. घर नीटनेटकं आहे, बाग सुरेख आहे, आणि कल्पनेतल्या पोरीची खोली बघताना माणसं खरोखर हळवी होतात, त्याचं मला कौतुकच वाटलं. पण मी हॅलिफॅक्सहून भाचीला गाडी काढायला लावली होती ती दुसऱ्या घरासाठी.

ते घर कॅव्हेंडिशपासून अर्ध्या तासाच्या आत, रस्टिको नावाच्या गावात आहे. १७७२ च्या सुमारास जाँ डूसे नावाच्या अकेडियन माणसानं ते बांधलं. चौकोनी तासलेल्या ओंडक्यांच्या भिंती, उतरतं छप्पर, बेताच्या खिडक्या. शेजारी लाल दगडाची एक जुनी बँक आणि पलीकडे पांढरं चर्च. गवत नुकतंच कापलेलं. पार्किंगमध्ये जागा शोधावी लागली नाही.

"मावशी, एवढंच?" भाची म्हणाली.

तिचा दोष नव्हता. आदल्या काही दिवसांत मी तिला अकेडियन घरांबद्दल इतकं ऐकवलं होतं की तिच्या डोळ्यांसमोर निदान वाडा तरी उभा राहिला असणार. आणि त्याच दिवसांत, नोव्हा स्कॉशियात हिंडताना, आम्ही एकही धड अकेडियन शेतघर पाहिलं नव्हतं. त्याचं कारण सांगितल्याशिवाय रस्टिकोचं हे 'एवढंच' कळायचं नाही.

अकेडियन म्हणजे सतराव्या शतकात फ्रान्समधून येऊन आजच्या नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्यावर रुजलेली शेतकरी मंडळी. १६०५ साली पोर्ट-रॉयलची वसाहत झाली, पुढे कुटुंबं आली, वाढली. १७१३ च्या युट्रेक्टच्या तहानं हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि हे फ्रेंच बोलणारे कॅथलिक शेतकरी परक्या राजाची प्रजा झाले. बिनशर्त निष्ठेची शपथ घ्या, म्हणून इंग्रज अधिकारी मागे लागले. आम्ही राहू, पण लढाईत शस्त्र धरणार नाही, असं हे सांगत राहिले. चाळीसेक वर्षं हे असंच चाललं. १७५५ साली तिथला लेफ्टनंट गव्हर्नर लॉरेन्स आणि त्याच्या कौन्सिलनं सगळ्यांना उचलून जहाजांत भरायचं ठरवलं.

ग्राँ-प्रे इथल्या चर्चमध्ये ५ सप्टेंबर १७५५ ला पुरुष आणि मोठ्या मुलांना बोलावून जॉन विन्स्लो या अधिकाऱ्यानं हुकूम वाचून दाखवला. जमीन, घरं, गुरंढोरं राजाच्या नावे जमा. पैसे आणि जहाजात मावेल तेवढं घरसामान तुमचं. विन्स्लो हिशेबी होता. मिनास भागात काय काय जाळलं याची त्यानं यादी ठेवली: २५५ घरं, २७६ गोठे-कोठारं, ११ गिरण्या. जाळण्याचं कारण साधं होतं, लोकांना परत येण्यासारखं काही उरू नये. म्हणून आज ग्राँ-प्रेला गेलात तर बघायला स्मारक-चर्च आहे, एका गाजलेल्या इंग्रजी काव्याच्या नायिकेचा, एव्हांजेलिनचा पुतळा आहे, विलोची झाडं आहेत. घर नाही.

शेतं मात्र आहेत, आणि खरं सांगायचं तर मी तिथे पुतळ्यापेक्षा शेतांत जास्त रमले. ही शेतं समुद्राकडून मिळवलेली. फंडीच्या उपसागरात जगातली सर्वांत मोठी भरती येते. त्या भरतीच्या तोंडावर या लोकांनी मातीचे बांध घातले आणि बांधाच्या पोटातून लाकडी नाळ काढली, तिच्यात बिजागरीवर लोंबणारी एक झडप. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरतीला समुद्र ती बाहेरून दाबून बंद करतो. दोन-तीन वर्षांत पावसानं मीठ धुऊन निघालं की गहू घ्यायचा. याला ते आब्वातो म्हणतात. मी बांधावर उभी राहून भाचीला म्हटलं, ही आपल्या गोव्याच्या खाजनातली मानस आहे बघ. मांडवीकाठी शतकानुशतकं हीच झडप याच हिशेबानं उघडते-मिटते, आणि कोणी कोणाकडून शिकलेलं नाही. १७५९ च्या वादळात हे बांध फुटले तेव्हा इंग्रजांना ते दुरुस्त करता येईनात. मग कैदेत ठेवलेल्या अकेडियनांनाच कामाला लावलं गेलं. स्वतःच्या गेलेल्या शेताचा बांध दुसऱ्याच्या मजुरीवर बांधायचा. २०१२ साली युनेस्कोनं ग्राँ-प्रेच्या या भूप्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

घरं नाहीत, पण घरं कशी होती ते जमिनीखालून थोडंफार कळलं आहे. अ‍ॅनापोलिस नदीकाठी बेलिल इथे १९८३ साली उत्खनन झालं, त्यात गोट्यांचा पाया, मातीच्या भिंतींचे अवशेष, शाकारलेलं छप्पर आणि पाव भाजायची भट्टी यांच्या खुणा मिळाल्या. त्यावर बेतलेलं एक घर अ‍ॅनापोलिस रॉयलच्या बागेत उभं केलेलं आहे. त्याच गावात सिंक्लेअर इन ही १७१० ची इमारत आहे. तिच्या आतल्या एका भिंतीचा गिलावा काढून मूळचा कुड उघडा ठेवलाय, माती आणि गवताचा. गावातली इमारत, पुढे इंग्रजांनी खाणावळ म्हणून वापरली, म्हणून वाचली. शेतकऱ्याचं घर वाचायला असं काही कारण नव्हतं.

आता प्रिन्स एडवर्ड बेटाकडे. तेव्हा त्याचं नाव ईल सँ-जाँ होतं आणि १७५५ साली ते अजून फ्रान्सकडे होतं, म्हणून मुख्य भूमीवरून पळालेले बरेच अकेडियन इथे आले. तीन वर्षांचाच दम मिळाला. १७५८ साली लुईबर्गचा किल्ला पडला आणि इंग्रज फौज बेटावर उतरली. तीन हजारांच्या आसपास माणसं जहाजांत घालून फ्रान्सला पाठवली. 'ड्यूक विल्यम' आणि 'व्हायलेट' ही दोन जहाजं डिसेंबरच्या अटलांटिकमध्ये माणसांसकट बुडाली, बाकीच्यांत रोगराई. पाठवलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मेले. काही कुटुंबं मात्र हाती लागली नाहीत. कोणी पलीकडच्या किनाऱ्याला पळाली, कोणी मिगमॉ लोकांच्या आसऱ्यानं रानात राहिली. हे बेट मुळात मिगमॉंचं, त्यांचं त्याला नाव एपेक्वित्क, आणि अकेडियनांच्या कोणत्याही घराची गोष्ट त्यांना वगळून सांगता येत नाही.

१७६४ नंतर निष्ठेची शपथ घेतली तर अकेडियनांना परत वसायची मुभा मिळाली. हळूहळू माणसं परतली. पण तोवर १७६७ साली लंडनमध्ये बसून, सोडत काढून, अख्ख्या बेटाचे ६७ तुकडे इंग्रज बड्या मंडळींना वाटून टाकले होते. प्रत्येक तुकडा सुमारे वीस हजार एकरांचा. मालकांपैकी बहुतेकांनी बेटाचं तोंडही पाहिलं नाही. रस्टिको त्यातल्या २४ नंबरच्या तुकड्यात. म्हणजे इथे घर बांधायचं ते खंडकरी म्हणून, मालक विलायतेत, उद्या कारभारी येऊन काय म्हणेल याचा भरवसा नाही. ही भीती पोकळ नव्हती. मालपेक भागातली कुटुंबं जमीनदाराच्या जाचाला कंटाळून जमवलेली शेती सोडून निघाली आणि १८१२ साली एग्माँट बेला नव्यानं वसली. कुळांना जमिनी मिळण्याचा कायदा व्हायला १८७५ उजाडलं.

हे सगळं डोक्यात ठेवून डूसेच्या घराचा कोपरा बघायचा.

मी भाचीला हाताला धरून कोपऱ्याशी नेलं. ओंडके आडवे, एकावर एक. रुंद पात्याच्या कुऱ्हाडीनं चारी बाजूंनी तासून चौकोनी केलेले. एका भिंतीचा ओंडका दुसरीच्या ओंडक्याला जिथे भेटतो तिथे त्याचं टोक बाहेरच्या बाजूला रुंद आणि आत निमुळतं कापलेलं, सुतार ज्याला डोव्हटेल म्हणतात तो सांधा. खिळा नाही. टोक रुंद असल्यामुळे ओंडका ओढून निघत नाही, आणि वरच्या ओंडक्यांचं वजन जितकं पडेल तितका सांधा आवळतो. कापाला बाहेरच्या अंगाला उतार दिला की पावसाचं पाणी खाचेत साचत नाही, लाकूड कुजत नाही. असा एक सांधा नीट बसवायला तो आखावा लागतो, कापावा लागतो, लावून बघावा लागतो, उतरवून पुन्हा तासावा लागतो. चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यात ओंडक्यागणिक एक.

घाईच्या माणसाचं हे काम नव्हे. घाईत असलेला माणूस ओंडक्यांची टोकं खोबण पाडून एकमेकांवर टाकतो आणि बाहेर आलेले शेंडे तसेच ठेवतो; हिवाळा त्यातही निघतो. चौदाएक वर्षांपूर्वी ज्यांच्या लोकांना बेटावरून झाडून काढलं होतं, ज्यांच्या नावावर हातभर जमीन नव्हती, त्यांच्यातल्या एकानं नातवंडांना पुरेल असा सांधा कापला. मला या घरात दिसलं ते हे. सजावटीचा मागमूस नाही, नक्षी नाही, कोणी राजा इथे उतरलेला नाही. एका माणसानं परक्याच्या जमिनीवर पक्कं घर बांधायचं ठरवलं, आणि ते ठरवणं लाकडात अजून दिसतं. बिनशर्त शपथ न घेण्याच्या जुन्या हट्टाचीच ही पुढची पिढी असावी, असं आपलं मला वाटतं. पुरावा मागू नये.

आत शिरताना वाकावं लागतं. चूल, वर पोटमाळा, खिडकीतून येईल तेवढाच उजेड. इथल्या हिवाळ्यात घर म्हणजे चुलीभोवतीची जागा. बाकीचं घर चुलीला धरून असतं. अशा घरांत फटी मातीनं आणि शेवाळानं बुजवत, भिंतीवर बर्चच्या सालीचा थर देत, कारण ती साल पाणी धरत नाही आणि वारा अडवते. मिगमॉ आपल्या झोपड्यांना आणि होड्यांनाही तीच साल वापरत. पुढच्या पिढ्यांनी अशा ओंडक्यांच्या भिंतींवर बाहेरून शिंगल्स ठोकल्या, म्हणजे लाकडाच्या पातळ चिपा, आणि घरं शेजारच्या इंग्रज-स्कॉटिश घरांसारखी दिसू लागली. माणसांचंही तेच झालं. पुआरिए आडनावाचे लोक पेरी झाले. रस्टिको भागात आता फ्रेंच घराघरात ऐकू येत नाही. ती ऐकायची तर पश्चिमेला एव्हांजेलिन भागात जावं लागतं. घर दाखवणारी कॉलेजवयीन मुलगीही म्हणाली की तिच्या आजीच्या आईपर्यंत फ्रेंच होती, मग तुटली, आणि आता ती स्वतः वर्गात बसून शिकते आहे.

आता एक अडचणीची गोष्ट. हे घर इथलं नव्हेच. जाँ डूसेनं ते बांधलं रस्टिकोच्या उपसागरावर, ग्राँ-पेर पॉइंटवर. १९९९ साली ते तिथून उचलून इथे, बँकेशेजारी आणून ठेवलं आणि मग दुरुस्त केलं. भाचीनं हे ऐकलं आणि तिचा चेहरा पुन्हा 'एवढंच?' झाला. ती स्थापत्य शिकलेली आहे. तिनं मला १९६४ ची व्हेनिसची सनद ऐकवली: स्मारक त्याच्या जागेपासून वेगळं करता येत नाही, वाचवायची गरज असेल किंवा तसंच मोठं राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय हित असेल तरच हलवावं. पाण्याकडे तोंड करून बांधलेलं मच्छीमार-शेतकऱ्याचं घर रस्त्याकडेला आणलं म्हणजे त्यातलं काय उरलं, असा तिचा सवाल.

सवाल बरोबर आहे. घराच्या दारातून जाँ डूसेला जे पाणी दिसायचं ते आता दिसत नाही, आणि ते नुकसान लहान नाही. चर्च, बँक आणि घर असं एका आवारात मांडलं की इतिहास सोयीचा होतो, तासाभरात उरकता येतो, याबद्दलही मला राग आहे. तरी मी घर हलवणाऱ्यांच्या बाजूनं आहे. या बेटावर घरं हलवणं ही वारसावाल्यांनी काढलेली युक्ती नव्हे. हिवाळ्यात जमीन गोठली की घराखाली लाकडी धावा घालायच्या, बैल किंवा घोडे जुंपायचे आणि घर नव्या जागी ओढत न्यायचं, हे इथले लोक पिढ्यानपिढ्या करत आले. ओंडक्यांचं घर त्याला सोसतं, कारण त्याचा जीव पायात नसतो, सांध्यांत असतो. परक्याच्या जमिनीवर राहणाऱ्याला असंच घर बरं. भाचीला हे पटलं नाही. "मग सनदेत अकेडियनांसाठी वेगळं कलम घालायला हवं," ती म्हणाली आणि फोटो काढायला गेली.

कॅनडात ऐतिहासिक स्थळांची एक देशव्यापी नोंदवही आहे. तिच्यात बहुतेक वास्तूंच्या नोंदीत तीन भाग असतात: वर्णन, वारसामूल्य, आणि जे बदललं तर वास्तूचं वैशिष्ट्य जाईल अशा घटकांची यादी. पद्धत चांगली आहे; आपल्याकडे वारसायादीत घराचं नाव आणि श्रेणी लिहून मोकळे होतात, त्यापेक्षा फारच चांगली. अशा नोंदींत अकेडियन घर आलं की मूल्याच्या रकान्यात बहुधा कुटुंबाचं नाव येतं: कोणी बांधलं, किती पिढ्या राहिल्या. आधी मला ही सरकारी सवय वाटली. मग लक्षात आलं, या लोकांच्या बाबतीत कुटुंब हाच दस्तऐवज आहे. ज्यांच्याकडे सातबारा नव्हता त्यांनी वंशावळ जपली. ग्राँ-प्रेच्या चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या १७५५ साली हद्दपार झालेल्यांबरोबर गेल्या आणि शेवटी लुइझियानात पोचल्या. आज त्या बॅटन रूजच्या धर्मप्रांताच्या दफ्तरखान्यात आहेत. जहाजात मावेल तेवढंच न्यायचं होतं, आणि त्यात कोणीतरी वह्या घेतल्या.

शेजारच्या बँकेबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ती या घराची पुढची पायरी आहे. 'फार्मर्स बँक ऑफ रस्टिको', सनद १८६४ ची. गावचे धर्मगुरू फादर जॉर्ज-आंत्वान बेलकूर यांनी ती काढली, म्हणजे खंड भरायला आणि बियाणाला अडलेल्या कुळांना सावकाराकडे जावं लागू नये. स्वतःच्या नोटा छापणारी, कॅनडातली सर्वांत छोटी सनदी बँक. तीस वर्षं चालली, १८९४ साली बंद झाली, आणि उत्तर अमेरिकेतल्या पतपेढ्यांच्या चळवळीचं ती आधीचं पाऊल मानली जाते. हे बेलकूर गृहस्थ अफलातून असावेत. १८६६ साली गावच्या जत्रेत त्यांनी वाफेवर चालणारी गाडी आणली, आणि कॅनडातली पहिली मोटार म्हणून तिचा उल्लेख होतो. हातभर जमीन नावावर नसलेल्या गावात बँक आणि मोटार, दोन्ही. डूसेचं घर तेव्हा शंभरीला आलं होतं.

१९९४ पासून दर पाच वर्षांनी अकेडियनांचं जागतिक संमेलन भरतं. भाषणं, गाणी होतातच, पण त्याचा कणा म्हणजे आडनावागणिक भरणारे कुटुंबमेळे. लुइझियानाचे केजन म्हणजे या हद्दपार झालेल्यांचेच वंशज; ते येतात, क्वेबेकचे येतात, फ्रान्सचे येतात. २०१९ चं संमेलन या बेटावर आणि समोरच्या न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावर झालं. अशा वेळी रस्टिकोच्या या घराला भेट देणारा डूसे काही स्थापत्य बघायला येत नसणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिस्कूशला गेलो. १८८४ साली याच गावात अकेडियनांनी आपला झेंडा ठरवला, फ्रान्सचाच तिरंगा, त्यावर पिवळा तारा. तिथे अकेडियन संग्रहालय आहे आणि त्याला जोडून वंशावळींचा मोठा संग्रह. आत पाऊल टाकताच टेबलामागच्या बाईंनी हसून पहिला प्रश्न केला: आडनाव? बेटावरच्या अकेडियनांत हा प्रश्न नमस्काराच्या जागी येतो. मी म्हटलं, "कुलकर्णी." त्यांनी मान हलवली, कागद पुढे ओढला आणि स्पेलिंग विचारलं.